आधी तक्रार, मग पुर्जा

उल्हासनगरच्या कॅम्प नंबर चारमधलं साईंचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान यंदा होळीच्या आठवड्यात बंद झालं. साईंना जाऊन सहा वर्षं झाली. मुलाने इतके दिवस कसंबसं रेटलं. शटर ओढण्याआधी त्याने मला बोलावून घेतलं आणि बिस्किटांचा एक चौकोनी पत्र्याचा डबा हातात दिला. आत जुन्या सेटांमधून काढलेला माल होता. चपट्या पायांचे बीसी १४८ ट्रान्झिस्टर, पिवळ्या-पांढऱ्या-काळ्या टोप्यांच्या आयएफटी, दोन गँग कंडेन्सर, फेराइटची तुटकी कांडी, आणि तळाशी कार्बनची एक कांडी. "तुम्हालाच द्यायचा, असं बाबांनी सांगून ठेवलं होतं," तो म्हणाला.

त्याच आठवड्यात बदलापूरला आमच्या इमारतीमागच्या चाळीतला एक मुलगा घरी आला. इलेक्ट्रॉनिक्स डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. "काका, एखादी प्रोजेक्ट आयडिया द्या ना." मोबाइलमध्ये त्याच्याकडे शंभर कल्पनांची यादी तयार होती, आणि त्या शंभरांतली एकही त्याला आपली वाटत नव्हती. मी विचारलं, "तुला कशाचा त्रास होतो?" त्याला प्रश्नच कळला नाही. आठ दिवसांनी त्याने मुंबईहून तयार खोका आणला. 'स्मार्ट सिंचन'. सोबत छापील रिपोर्ट, फक्त नाव घालायचं बाकी. मुलगा हुशार आहे, कष्टाळूही आहे. म्हणूनच ते मला लागलं.

त्या डब्यातल्या मालाने मला जिथे नेलं, तो काळ १९८४ ते १९९४ चा. त्याआधीचं मला फारसं सांगता येणार नाही. कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधमधून आलेली कुटुंबं वसली, १९४९ साली तिचं उल्हासनगर झालं, रेडिओचं लायसन्स पोस्टात भरावं लागे, १९७२ च्या गांधी जयंतीला मुंबईत दूरदर्शन आलं. हे सगळं मी मोठ्यांकडून ऐकलेलं.

आम्ही अंबरनाथला चाळीत राहायचो. वडील विमकोत, काडेपेटीच्या कारखान्यात. १९८४ ला मी सातवीत होतो. नळाला पाणी रात्री अडीच ते चारच्या मध्ये कधीतरी यायचं. नेमकं कधी, ते कुणालाच माहीत नसायचं. आई झोपताना नळ उघडा ठेवायची आणि मोरीत त्याखाली ॲल्युमिनियमचं पातेलं पालथं घालायची. पाण्याची धार पातेल्यावर वाजली की ती उठायची. कधी धार बारीक असली की आवाज व्हायचा नाही आणि पहाटे पिंपं कोरडी असायची. त्या दिवशी घरात जो धुसफुसीचा सूर असायचा, तो मला अजून आठवतो.

रद्दीवाल्याकडे 'इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू'चे जुने अंक किलोवर मिळायचे. दिल्लीहून १९६९ पासून निघणारं हे मासिक. त्यातलं इंग्रजी मला निम्मं कळायचं नाही, पण सर्किटची आकृती कळायची. तिला भाषा लागत नव्हती. मुंबईतून 'एलेक्टर'ची भारतीय आवृत्ती निघे, तिच्या जोडअंकात शंभरेक छोटी सर्किटं एकत्र असायची. म्हणजे यादी तेव्हाही होती. फरक इतकाच, की मी ती पानं चाळताना डोक्यात आईचं पातेलं होतं. एका अंकात दोन तारा, एक ट्रान्झिस्टर आणि एक बझर एवढंच सर्किट दिसलं, आणि मी थांबलो.

पुर्जे हवे होते म्हणून वडिलांच्या ओळखीने साईंकडे गेलो. अंबरनाथहून उल्हासनगर एकच स्टेशन, पुढे चालत. साईं लहानपणी सिंधमधून आलेले. त्यांच्या दुकानात प्रत्येक सेटला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली असायची आणि तिच्यावर गिऱ्हाइकाची तक्रार त्याच्याच शब्दांत: 'गाणं लागलं की घोगरा', 'पावसात बंद', 'चापट मारली की चालतो'. मेलेले सेट ते मला फुकट उघडू द्यायचे, पण एका अटीवर. "पहले बीमारी बता, फिर पुर्जा ले." सेट कशाने मेला हे सांगितल्याशिवाय त्यातला एक स्क्रूसुद्धा नेता यायचा नाही. कधी कधी सांगायला तीन-तीन शनिवार लागायचे. मी पुढे जे काही शिकलो, ते सगळं या अटीवर उभं आहे.

पहिला बझर दिवाळीच्या सुट्टीत वाजला. त्याचं काम सोपं होतं. नळाच्या पाण्यात क्षार असतात, त्यामुळे दोन उघड्या तारांमधून किंचित वीज वाहते. ती ट्रान्झिस्टरच्या बेसला दिली की तो तिला शंभरेक पट वाढवतो आणि बझर बोलतो. त्या रात्री आई पातेल्याविना उठली. सकाळी शेजारच्या दोन घरांनी तसाच बझर मागितला.

पण खरी गोष्ट इथून सुरू झाली. महिन्याभरात बझर मुका झाला. तपासलं तर अधिक टोकाची तांब्याची तार हिरवी पडून झिजून गेलेली. साईंना सांगितलं. ते काही बोलले नाहीत, टॉर्चचा मेलेला सेल फोडला आणि आतली कार्बनची कांडी माझ्यापुढे ठेवली. कार्बन तसा झिजत नाही. मग पावसाळा आला, मोरीतल्या दमटपणानेच बझर वाजायला लागला, चाळ रात्रीची उठून बसली. म्हणून प्रीसेट घालून त्याचा कान जरा कमी तिखट करावा लागला. मग एका घरी बझर कर्कश वाटतो म्हणून यूएम ६६ बसवली, ट्रान्झिस्टरसारखी दिसणारी तीन पायांची ती गाणारी आयसी. पुढे कार्बनचा नादही सोडला आणि ५५५ ही टायमर आयसी वापरून तारांना आळीपाळीने अधिक-उणे देऊ लागलो. एकाच दिशेने वीज वाहिली नाही की तार कुरतडली जात नाही. एका पाण्याच्या बझरातून दहा वर्षांत मी बावीस गोष्टी केल्या, आणि त्यातली एकही कुठल्या यादीतून उचलली नव्हती. प्रत्येक आधीच्या वस्तूच्या खोडीतून निघाली होती. १९८७ ला 'रामायण' सुरू झाल्यावर रविवारी सकाळी पडद्यावर मुंग्या आल्या की सगळी चाळ आमच्या दाराशी यायची. अँटेना बूस्टर मी तीनदा बिघडवला आणि चौथ्यांदा तो चालला.

पुर्ज्यांसाठी मोठी वारी म्हणजे लॅमिंग्टन रोड. अंबरनाथहून दादर, गाडी बदलून ग्रँट रोड. रस्त्याचं नाव कधीचंच डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग झालंय, पण आमच्यात कुणी तसं म्हणायचं नाही. तिथे एका काउंटरवर मी दोन बीसी ५४८ मागितले तेव्हा "डझनाच्या खाली नाही" म्हणून सगळ्यांसमोर मला बाजूला सारलं. पंधरा वर्षांच्या मुलाला दोन नग नाकारणारा दुकानदार आपलं एक गिऱ्हाईक गमावतो आणि कदाचित एक कारागीरही.

त्याहून मोठा हिशेब डिप्लोमाचा आहे. १९९० ला शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणून मी पाण्याचा बझर मांडला, तारा का झिजतात आणि कशा वाचवायच्या यासकट. मार्गदर्शक म्हणाले, "हे पाचवीतली मुलं करतात. काहीतरी नवं आण." मग मी ४०१७ आयसी लावून पळते दिवे केले. पहिला वर्ग मिळाला, दिवे कपाटात गेले. गरजेची वस्तू साधी असते म्हणून तिला कमी लेखणारी ती नजर आजही प्रत्येक परीक्षेत बसलेली आहे, आणि तयार खोके विकणाऱ्यांचं दुकान तिच्याच जिवावर चालतं. असं मी ठाम मानतो.

वेगळी वाट दाखवणारी माणसं आपल्याकडे त्याच वर्षांत होती. डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ साली पाबळला विज्ञान आश्रम काढला. गावाला जे लागतं ते मुलांनी करायचं आणि करता करता शिकायचं. पुढे २००२ मध्ये एमआयटीची फॅब लॅब तिथे आली, अमेरिकेबाहेरच्या अगदी पहिल्यांपैकी एक. अरविंद गुप्तांनी काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबमधून भूमिती शिकवली. माझे वडील त्या काड्या बनवणाऱ्या कारखान्यात होते, आणि आमच्या शाळेत हे कुणी सांगितलं नाही याची मला खंत आहे.

१९९५ नंतरची दहा वर्षं मी भराभर ओलांडतो. नोकरी, संसार, बदलापूरला नदीच्या बाजूला तळमजल्यावर घर. बाजारात तयार इमर्जन्सी लाइट इतका स्वस्त आला की तेवढ्यात नुसता ट्रान्सफॉर्मर येईना. साईंच्या दुकानातल्या चिठ्ठ्या कमी झाल्या. बिघडलेलं लोक फेकू लागले. २६ जुलै २००५ ला उल्हास नदी घरात शिरली आणि माझ्या सर्किटांच्या सातही वह्या लगद्यासारख्या झाल्या. त्याच वर्षी इटलीतल्या इव्हरेआत आर्डुइनो हा शिकणाऱ्यांसाठीचा छोटा सर्किट-बोर्ड जन्माला आला. त्याच्याबद्दल माझ्या मनात काहीही वाकडं नाही. तेव्हा तो माझ्या हातात असता तर मी किती पुढे गेलो असतो, असं अजून वाटतं.

गेल्या रविवारी तो मुलगा खोका घेऊन आला. चालत नव्हता. मातीत खुपसायचा दोन दातांचा सेन्सर मी भिंगाखाली धरला. एका दातावरचा मुलामा गेलेला, खालचं तांबं हिरवं पडून खाल्लेलं. चाळीस वर्षांपूर्वीची माझी तार. मी डब्यातली कार्बनची कांडी काढली आणि त्याला सगळं पहिल्यापासून सांगितलं. तो पहिल्यांदाच यादी विसरून प्रश्न विचारत होता. सेन्सरला सतत वीज न देता फक्त मोजताना दिली तर, हे त्याचं त्यालाच सुचलं.

त्याला सोडायला मी चाळीपर्यंत गेलो. त्याच्या आईने, "या ना भाऊजी, चहा घ्या," म्हणून आत बोलावलं. बोलता बोलता सहज मोरीकडे लक्ष गेलं. नळ उघडा होता, पाणी नव्हतं, आणि खाली स्टीलचं पातेलं पालथं घातलेलं होतं.