छताला पडलेलं भगदाड

गेल्या जुलैतल्या एका शुक्रवारची गोष्ट. घरातले पुरुष जुम्म्याची नमाज पढून नुकतेच परतले होते, अम्मी आतल्या खोलीत पडल्या होत्या आणि आम्ही ताटं वाढत होतो. तेवढ्यात बैठकीच्या खोलीत धप्पकन आवाज झाला, तांदळाचं पोतं पडावं तसा. धावत जाऊन बघतो तर छताच्या पीओपीचा हातभर लांबरुंद तुकडा सतरंजीवर पडून फुटलेला, आणि वर तेवढंच काळं भगदाड.

त्याच सतरंजीवर रोज संध्याकाळी मोहल्ल्यातली आठ-नऊ मुलं आमच्याकडे उर्दू वाचायला बसतात. शुक्रवारी सुट्टी असते, म्हणून त्या दिवशी तिथं कुणी नव्हतं. एवढंच. त्या रात्री आम्हांला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी मुलांच्या घरी जाऊन आम्ही खरं काय ते सांगितलं. लपवून चालणार नव्हतं, लोकांची लेकरं होती. एक आई म्हणाली, "बाजी, पडवीत बसवा, पण बंद करू नका." मग पडवीत बसवलं. मेढ्याचा पाऊस ज्यांनी पाहिलाय त्यांना पडवीतली शाळा म्हणजे काय ते सांगायला नको. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि आम्ही त्याच डोंगरांच्या पायथ्याशी, वेण्णेच्या काठी राहतो. केळघर घाटाकडून ढग उतरले की आवाज असा, की मुलानं 'जीम' म्हटलं की 'मीम' हे कळत नाही. दोन मुलं यायची बंद झाली.

आमचं छत हौसेचं. स्लॅबखाली लोखंडी पट्ट्यांचा सांगाडा, त्याला जाळी, जाळीवर पीओपी आणि त्यावर स्पंजानं उठवलेलं दाणेदार टेक्स्चर. सासऱ्यांच्या वेळेला इथं मंगलोरी कौलं होती. कौलं गळायची, पण गळतंय ते दिसायचं. पातेलं ठेवायचं आणि उघडीप मिळाली की कौल सरकवायचं. उतारावरून पाणी पळून जायचं. सपाट स्लॅब आला आणि पाणी डोक्यावर थांबायला लागलं. त्याच्याखाली आम्ही नक्षीचा पडदा लावून घेतला, म्हणजे ओल आलेली कळायलाच नको! आज पुन्हा घर बांधायचं झालं तर या भागात आम्ही असं छत करणार नाही.

पीओपी पडतं का, हे आम्हांला नंतर नीट समजलं. जिप्समचा दगड सुमारे दीडशे अंश सेल्सिअसला भाजला की त्यातलं पाऊण पाणी उडून जातं आणि पांढरी भुकटी उरते. पॅरिसमधल्या मोंमार्त्रच्या टेकडीत हा दगड भरपूर निघायचा, म्हणून 'प्लास्टर ऑफ पॅरिस'. भुकटीत पाणी घातलं की ती गमावलेलं पाणी परत पिते, गरम होते आणि पुन्हा दगड बनते. पण हा दगड पाण्यापुढे टिकत नाही. सतत ओल लागली की मऊ पडतो, जड होतो, जाळीवरची पकड सोडतो. आपल्याकडे हे काम जुनंच आहे. फारसी-उर्दूत 'गच' म्हणजे असाच पक्का लेप, आणि 'गिलावा' हा शब्दही फारसीतूनच आलेला, गिल म्हणजे माती, आब म्हणजे पाणी. आमची मराठी 'गच्ची' त्या 'गच'ची लेक असावी असं आम्हांला वाटतं. पण पंधरा ऑगस्टच्या सुट्टीत आम्ही जो उद्योग केला त्यात या ज्ञानाचा काही उपयोग झाला नाही.

उद्योग असा की दुकानातून व्हाइट सिमेंट आणलं, शिडीवर चढलो, भगदाडात नवी जाळी कोंबली आणि वर सिमेंट थापलं. चार दिवस बरं दिसलं. पाचव्या रात्री सगळं खाली. ओल्या, भुसभुशीत कडांना काहीच धरत नाही. शिवाय जिप्सम आणि सिमेंट ओलाव्यात एकत्र आले की त्यांच्यात रासायनिक क्रिया होऊन लेप फुगतो आणि तडकतो. शेवटी गवंडी मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी भगदाडाकडे पाहिलंसुद्धा नाही, सरळ गच्चीवर गेले. खाली येऊन म्हणाले, "बाई, आजार रेड्याला न् डाग पखालीला. वर तळं साचलंय तुमच्या."

खरंच साचलं होतं. पाणी जायच्या पाइपाच्या तोंडात शेजारच्या आंब्याची पानं आणि आमच्या चिरंजीवांचा हरवलेला रबरी चेंडू. वर कठडा आणि स्लॅब जिथं मिळतात तिथं बोटभर लांब भेग. पाइप मोकळा केला, भेगेवर ताडपत्री टाकून विटा ठेवल्या आणि मिस्त्री म्हणाले, "आता दिवाळीपर्यंत हात लावू नका." आम्हांला घाई होती, मुलं पडवीत कुडकुडत होती. पण भरपावसात इथं धुतलेली ओढणी तीन दिवस वाळत नाही, तर छत काय वाळणार?

एक काम मात्र त्यांनी लगेच केलं. भगदाडातून बॅटरी मारून स्लॅबचा पोटाकडचा भाग पाहिला आणि हातोडीनं ठोकत गेले. टणक आवाज आला तर ठीक, बद्द आवाज आला तर आत पोकळी. हे प्रत्येकानं पाहून घ्यावं. पाणी सळईपर्यंत पोचलं की सळई गंजते, गंज मूळ लोखंडापेक्षा किती तरी जास्त जागा मागतो आणि काँक्रीट आतून ढकलतो. सळईखाली काँक्रीटचं आवरण असतं ते जेमतेम २० मिलिमीटर. तपकिरी ओघळ दिसले, स्लॅबचे पोपडे पडायला लागले किंवा सळई उघडी दिसली, तर ते काम घरचं नाही आणि नुसत्या गवंड्याचंही नाही. तिथं इंजिनिअरला दाखवायचं. आमच्याकडे आवाज टणक आला. अल्लाहचं शुक्र.

दिवाळीच्या सुट्टीत भेग रुंद करून भरली, कठड्याच्या कडेनं गोलसर वाटा काढला, पाइपाचं तोंड बंद करून गच्चीवर दोन-तीन इंच पाणी चोवीस तास ठेवलं. खाली थेंब आला नाही, तेव्हा छताला हात घातला.

आधी मेन स्विच बंद, कारण पंख्याची वायर त्याच पोकळीतून जाते. तोंडाला फडकं, डोळ्यांवर चष्मा. भगदाडाच्या कडा हातानं दाबून पाहिल्या आणि मऊ लागलं तेवढं सगळं कापून टाकलं. भोक दुप्पट झालं, आमचा जीव हळहळला, पण आता ते चौकोनी आणि सांगाड्याच्या पट्टीपर्यंत पोचलेलं होतं. जाळी पट्टीला तारेनं आवळून बांधली. मग काथ्या पीओपीत बुडवून जाळीवर बसवला आणि त्यावर लेप दिला.

कालवताना पाण्यात भुकटी टाकायची, भुकटीत पाणी ओतायचं नाही, गुठळ्या होतात. एका वेळी वाडगाभरच, कारण दहा-पंधरा मिनिटांत ते घट्ट होतं. घट्ट व्हायला लागलं की पाणी घालून जिवंत करायला जाऊ नये, टाकून द्यावं. वाडगं दर वेळी धुवायचं, कारण जुने कण राहिले तर नवं कालवण आणखी लवकर आवळतं. हे आम्ही दोन वाडगी वाया घालवून शिकलो. लेप जुन्या छताच्या किंचित आत ठेवला, वर टेक्स्चरला जागा हवी म्हणून.

आठवडाभर वाळू दिल्यावर राहिली नक्षी. मिस्त्री म्हणाले, "हे तुमचं तुम्हीच करा, माझा हात जड आहे." कुकरच्या खोक्याचा पुठ्ठा घेऊन आम्ही आणि आमच्या लेकीनं दोन संध्याकाळी सराव केला. स्पंज सरळ टेकवून सरळ उचलायचा. घासला की दाणे लोळतात. एकाच बाजूनं धरला तर ठसे ओळीनं येतात, म्हणून दर वेळी मनगट फिरवायचं. जुन्या नक्षीवरही चार-सहा बोटं नेऊन हलकेच विरवायचं, नाहीतर चौकट दिसते. पिवळ्या डागांवर आधी ऑइल प्रायमर मारला, कारण साध्या रंगातून पाण्याचा डाग पुन्हा वर येतो. आणि रंग फक्त ठिगळाला देऊन भागत नाही, अख्खं छत रंगवावं लागतं. तोही बिनचमकीचा.

परदेशात नातेवाईक असलेल्यांसाठी एक सांगायलाच हवं. ब्रिटन-अमेरिकेतल्या जुन्या घरांच्या दाणेदार छतांत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ब्रिटनमध्ये त्यावर संपूर्ण बंदी आली ती १९९९ साली. तिथं असं छत तपासून घेतल्याशिवाय खरवडू नये. धूळ फुप्फुसात जाते आणि रोग कित्येक वर्षांनी उमटतो.

नोव्हेंबरअखेर मुलं पुन्हा आत बसली. गळालेल्या दोघांपैकी एक परत आला, दुसऱ्याला त्याच्या वडिलांनी दुकानावर बसवलंय. संध्याकाळचं तिरपं ऊन खिडकीतून आलं की ठिगळ ओळखू येतं. आमच्या दाण्यांना जुन्या कारागिराच्या दाण्यांची गोलाई नाही.

यंदा जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात आम्ही रात्री दोनदा उठून बॅटरी मारली. ठिगळ कोरडं होतं. खिडकीकडच्या कोपऱ्यात मात्र बशीएवढा पिवळट डाग दिसतोय. मुलांना भिंतीच्या दुसऱ्या बाजूला बसवलंय, आणि मिस्त्रींना निरोप गेलाय.