काच घडते ती निवताना

फुंकून केलेल्या काचेचं सगळं काम डोळ्यांसमोर होतं. भट्टीत सांधलेल्या काचेचं तसं नाही. थंड काचेचे रंगीत तुकडे कापायचे, एकमेकांवर रचायचे आणि विजेच्या भट्टीचं झाकण लावायचं. पुढे हात लावता येत नाही, त्यामुळे सारं कसब रचनेत आणि तापमानाच्या आखणीत असतं.

तंत्र जुनं आहे. फुंकनळीचा शोध लागण्याआधीपासून कारागीर रंगीत तुकडे साच्यात सांधून वाट्या घडवत. आधुनिक काळात या कलेला बळ दिलं ते अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरानं. १९७४ साली तिथे तिघांनी ‘बुल्सआय’ कारखाना काढला आणि पुढे सांधण्यासाठी मुद्दाम तपासलेल्या, एकमेकींशी जुळणाऱ्या रंगीत काचा बनवायला घेतल्या.

हे जुळणं फार महत्त्वाचं. दोन काचा निवताना कमीजास्त आकसल्या की जोडावर ताण येतो आणि तडा जातो; कधी भट्टीतच, कधी काही महिन्यांनी कपाटात. काचेवर ९० किंवा ९६ असा प्रसरणाचा आकडा असतो, पण तेवढ्यावर विसंबू नये. तापलेल्या काचेचा दाटपणाही जुळावा लागतो. खात्रीचा उपाय म्हणजे चाचणी. बिनरंगी काचेच्या पट्टीवर रंगीत कपची सांधायची, नीट निवू द्यायची आणि आडव्या-उभ्या धरलेल्या दोन पोलरायझिंग फिल्टरांमधून प्रकाशात पाहायची. कपचीभोवती उजळ कडं दिसलं, तर तिथे ताण आहे.

दुसरं पथ्य जाडीचं. पूर्ण वितळलेली काच सुमारे ६ मिलिमीटर जाडीवर स्थिरावते. म्हणून ३ मिलिमीटरचे दोन थर घेतात. एकच थर असला तर कडा आत ओढल्या जातात. तीन असले तर काच बाहेर पसरते.

काच चिकटू नये म्हणून भट्टीतल्या फळीला पांढरा लेप देऊन तो पूर्ण वाळवतात. काच निर्मळ धुवायची. बोटांचे ठसे राहिले, तर त्यावर पांढुरकी साय धरू शकते. सुरुवातीला ताप हळू वाढवायचा, नाहीतर काच तडकते. ६५० अंश सेल्सिअसच्या आसपास अर्धा तास थांबलं की थरांमधली हवा निघून जायला वाव मिळतो. मग ८०० ते ८१५ अंशांपर्यंत झपाट्याने जायचं, कारण ७०० ते ७६० अंशांत रेंगाळलं की तीच साय धरते. वर दहा-पंधरा मिनिटं पुरतात. तुकड्यांचा उठाव राखायचा असेल, तर साधारण ७६० अंशांच्या अलीकडेच थांबावं.

खरी परीक्षा पुढे. बुल्सआयची ६ मिलिमीटर काच ४८२ अंशांवर तासभर ठेवतात, मग ३७१ अंशांपर्यंत ताशी ८३ अंशांनी उतरवतात. १२ मिलिमीटर काचेला तिथे दोन तास लागतात आणि उतरण ताशी ५५ अंशांनी सुरू होते. या मुक्कामात अंतर्गत ताण विरतो. ‘झाली असेल’ म्हणून झाकण उघडणाऱ्याच्या हाती बहुधा तडकलेली काच येते.

नवशिक्यानं एकाच कारखान्याच्या जुळत्या काचा घ्याव्यात, दोन थरांची दहा सेंटिमीटरची चौकोनी बशी करावी. कापताना चष्मा आणि काचेची भुकटी वापरताना मास्क लावावा. प्रत्येक खेपेचं तापमान आणि वेळ वहीत उतरवावी. प्रत्येक भट्टीचा स्वभाव वेगळा असतो. तो पुस्तकात सापडत नाही, आपल्याच नोंदींतून कळतो.