नटाच्या गळ्यातलं संगीत

रंगमंचावरचा माणूस बोलता बोलता गाऊ लागतो, तो सांधा नेमका कसा जोडलेला असतो? मराठी प्रेक्षकाला हा प्रश्न सहसा पडत नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली पुण्यात ‘शाकुंतल’ उभं केलं, तेव्हापासून त्याचं उत्तर आपल्या अंगवळणी पडलं आहे. साथीदार सूर धरतात, नट दोन पावलं पुढे येतो, कथा थांबते, पद रंगतं, वन्स मोअर होतो आणि मग कथा पुन्हा चालू लागते. या थांबण्यातही मोठं सुख आहे. पण नाटक न थांबवता गाणं कसं आणायचं, हे समजून घ्यायचं असेल तर बेंगळुरूचे दिग्दर्शक-संगीतकार ब. व. कारंत यांच्याकडे जावं लागतं.

बाबुकोडी वेंकटरमण कारंत १९२९ साली दक्षिण कन्नड जिल्ह्यात जन्मले. हा यक्षगानाचा मुलूख. यक्षगानाची घडण कळली की कारंतांचं निम्मं काम कळतं, म्हणून तिथे जरा थांबू. रात्रभराच्या या खेळाची सूत्रं भागवताच्या हाती असतात. हातातल्या टाळांनी तो लय धरतो आणि पद्य गातो, त्याच्या जोडीला मद्दळे आणि चंडे ही तालवाद्यं असतात. त्याचं पद्य संपलं की पात्र त्याच पद्याचा अर्थ आपल्या बोलीत, उत्स्फूर्तपणे फुलवून सांगतं. म्हणजे गाणं इथे कथेतली विश्रांती नाही, कथा गाण्याच्याच पावलांनी पुढे सरकते. पात्र यायचं असेल तर आधी चंडे वाजतं आणि पात्र दिसण्याआधीच त्याचा दरारा प्रेक्षकाच्या छातीत धडधडू लागतो. हे आपल्याला परकं नाही. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केलं, त्यामागेही कर्नाटकातून आलेल्या भागवत मेळ्याच्या खेळांची प्रेरणा होती.

कारंतांची दुसरी शाळा म्हणजे गुब्बी वीरण्णांची नाटक कंपनी. लहान वयात घर सोडून ते तिथे दाखल झाले. ‘कुरुक्षेत्र’ नाटकात खरे हत्ती रंगमंचावर आणणारी ही कंपनी. तिथे पेटीच्या साथीवर पदं, भरजरी पडदे, टाळ्या आणि पुन्हा पदं असा थाट होता. किर्लोस्करांच्या आणि त्यांच्यामागून आलेल्या मराठी मंडळींच्या नाटकांचं वारं कन्नड कंपन्यांनाही लागलेलं होतंच. वीरण्णांनी या मुलाला पुढच्या शिक्षणासाठी बनारसला पाठवलं. तिथे हिंदी साहित्य आणि पंडित ओंकारनाथ ठाकुरांकडे हिंदुस्तानी संगीत, पुढे दिल्लीत राष्ट्रीय नाट्य विद्यालय. अशा रीतीने यक्षगान, कंपनीचं नाटक, ख्याल आणि आधुनिक दिग्दर्शन या चारही गोष्टी एकाच माणसात आल्या. असा योग आपल्या रंगभूमीवर फार थोड्यांच्या वाट्याला आला असेल.

आता प्रत्यक्ष काम. नाटकाची संहिता हातात आल्यावर संगीतकार पहिल्यांदा काय शोधतो? चाल नव्हे, जागा. कुठल्या वाक्यानंतर बोलणं अपुरं पडतं, कुठे एका माणसाचा आवाज पुरत नाही आणि घोळका हवा, कुठे काहीच वाजू नये. जागा ठरली की शब्द पुन्हा पुन्हा मोठ्याने म्हणून पाहायचे. प्रत्येक भाषेत वाक्याला स्वतःचा चढउतार असतो. तो जरा ताणला, त्याचा शेवट जरा लांबवला की चालीचं बी सापडतं. अशी चाल बोलण्यातूनच उगवलेली असल्यामुळे सांध्यावर खटका बसत नाही.

कन्नड नाटककार श्रीरंग यांच्या ‘सत्तवर नेरळु’ या नाटकात कारंतांनी याहून धीट गोष्ट केली. मठ, स्वामी आणि त्यांच्याभोवतीचा व्यवहार यांवरचं हे नाटक मुळात गद्य. कारंतांनी त्यात दासपदं घातली. पुरंदरदासांसारख्या विठ्ठलभक्तांची ही पदं कन्नड घरांत मुखोद्गत असतात. आपल्याकडे एखाद्या नाटकात तुकोबांचे अभंग यावेत तसं. मात्र चाली नव्या, मंचावर चाललेल्या प्रसंगाच्या अंगाने बेतलेल्या. यामुळे काय घडतं ते पाहा. ओळखीच्या चालीत शब्द सवयीने वाहून जातात, चाल बदलली की तेच शब्द दचकून ऐकावे लागतात. वर भक्ती गायली जाते, खाली मठातला व्यवहार चाललेला असतो. दोन्ही एकाच वेळी समोर आल्यावर लेखकाला वेगळी टीका लिहावीच लागत नाही. माझ्या मते कारंतांचं हे सर्वांत मोठं काम.

गिरीश कार्नाडांचं ‘हयवदन’ तर जणू कानासाठीच रचलेलं आहे. देवदत्त आणि कपिल यांच्या डोक्यांची अदलाबदल सगळ्यांना आठवते. पण हयवदनाची गोष्ट नीट ऐका. घोड्याचं तोंड असलेला हा माणूस पूर्णत्व मागतो आणि पूर्ण घोडा होतो, तरी माणसाचा आवाज मात्र गळ्यात उरतोच. शेवटी एका मुलाबरोबर हसता हसता त्या आवाजाचं खिंकाळणं होतं आणि तो सुटतो. नाटकाची गाठ आवाजातच सुटत असेल, तर संगीत तिथे सजावट म्हणून राहूच शकत नाही. कारंतांनी हे नाटक १९७२ साली दिल्लीत हिंदीत केलं, नंतर कन्नडमध्ये. त्याच १९७२ साली पुण्यात ‘घाशीराम कोतवाल’ उभं राहिलं, भास्कर चंदावरकरांच्या संगीतावर, माणसांच्या गात्या भिंतीसह. दोन शहरांत एकाच वर्षी एकाच प्रश्नाला भिडणं चाललं होतं. कारंत आणि चंदावरकर यांची ओळखही होती. कारंत आणि कार्नाडांनी दिग्दर्शित केलेल्या ‘वंशवृक्ष’ या चित्रपटाचं संगीत चंदावरकरांचंच.

गाणारे कोण, यावर चालीचा आकार ठरतो. संगीत नाटकात गायकाला नट करत. कारंत नटाला गायला लावत. नट धावून आलेला असतो, त्याला धाप लागलेली असते, गळा तालमीचा नसतो. म्हणून स्वरांचा पल्ला आटोपशीर ठेवायचा, ओळ एका श्वासात मावेल एवढीच आणि ती उचलून धरायला मागे समूह. एकट्याचा सूर ढळला तरी घोळका त्याला तोलून धरतो. शास्त्रीय संगीत शिकलेल्या माणसाने अशी चाल बांधताना आपलं कितीतरी ज्ञान बाजूला ठेवावं लागतं. त्या संयमाबद्दल मला फार आदर वाटतो.

आणि वाद्यं? पेटी, चंडे, झांजा, शंख तर खरेच, पण हाताशी येईल ती वस्तूही. काठीचा आपट, दगडावर दगड, नटांनी तोंडाने काढलेला वारा. कारंतांच्या हिशेबी नाद आणि संगीत यांच्यात कुंपण नव्हतं. पडद्यावरही हीच जाण दिसते. ‘ऋष्यशृंग’ आणि ‘घटश्राद्ध’ या चित्रपटांच्या संगीतासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाले.

बाकीची कारकीर्द थोडक्यात सांगता येते. बेंगळुरूत ‘बेनक’ ही नाट्यसंस्था, १९७७ ते १९८१ दिल्लीच्या नाट्य विद्यालयाचं संचालकपद, मग भोपाळच्या भारत भवनाचं रंगमंडल, १९८९ पासून म्हैसूरचं रंगायण. पायाला भिंगरी लागलेला हा माणूस १ सप्टेंबर २००२ रोजी बेंगळुरूत गेला.

त्यांच्या चाली आता ‘रंगगीते’ म्हणून स्वतंत्र मैफलींत गायल्या जातात, आपल्याकडे नाट्यगीतं गातात तशाच. रवींद्र कलाक्षेत्राच्या मागच्या उघड्या रंगमंचावर अशा एका संध्याकाळी मी बसलो होतो. गायिकेचा सूर सुरेख होता, तरी पहिली दोन पदं हाताला लागत नव्हती. तिसऱ्याच्या आधी तिने पेटीवाल्याला हाताने थांबवलं, त्या पात्राचं वाक्य साध्या आवाजात म्हटलं, आणि त्या वाक्याच्या शेवटच्या अक्षरावरूनच गाणं उचललं.