कोकोच्या फळाची काळी कूज

सायंकाळीं कोकोचा पेला पुढें येतो, तेव्हां त्यामागें घाना किंवा कामेरून येथील एखाद्या लहान शेतकऱ्याचें वर्षाचें भवितव्य असतें, हें सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. त्या शेतकऱ्याचा मोठा वैरी म्हणजे काळी कूज. पावसाळी दिवसांत फळावर तपकिरी ठिपका उमटतो, आणि थोड्याच अवधींत सबंध फळ काळें पडून आंतील बिया वायां जातात.

हा रोग करणारा फायटॉफ्थोरा नांवाचा जीव बुरशीसारखा दिसतो, परंतु ती खरी बुरशी नव्हे. त्याच्या पेशींच्या भिंतींत सेल्युलोज असतें, आणि त्याचीं बीजुकें पाण्याच्या थेंबांत पोहत जातात. बुरशीवर चालणारें प्रत्येक औषध त्याच्यावर चालेलच असें नाहीं. म्हणून शेतकऱ्यानें पैसा खर्चण्यापूर्वीं औषधाची परीक्षा प्रयोगशाळेंत व्हावी लागते.

ही परीक्षा समजण्यास सोपी आहे. चायना ग्रास म्हणून बाजारांत मिळणारा अगार पोषक द्रव्यांसह शिजवितात. तो निवूं लागला कीं त्यांत मोजकें औषध मिसळून कांचेच्या उथळ तबकड्यांत ओततात. एका तबकडींत औषध मुळींच घालीत नाहींत. प्रत्येकीच्या मध्यभागीं त्या जीवाचा लहानसा तुकडा ठेवून कांहीं दिवसांनीं वाढीचा व्यास मोजतात. समजा, औषधाविना तो ८० मिलिमीटर भरला आणि औषधांत २० च, तर वाढ शेंकडा ७५ रोखली गेली.

पण एवढ्यावर निकाल देणें धोक्याचें आहे. ताम्रयुक्त औषधें मुख्यतः बीजुकांना रुजूं देत नाहींत. केवळ तंतूंची वाढ मोजल्यास त्यांवर अन्याय होतो. म्हणून रुजलेलीं बीजुकें सूक्ष्मदर्शकाखालीं मोजावीं लागतात, आणि तोडलेल्या फळांवरहि प्रयोग करावा लागतो. उलट मेटॅलॅक्सिल अल्प प्रमाणांतहि वाढ थांबवितें, पण त्याचा मारा पेशींतील एकाच क्रियेवर असल्यामुळें रोगकारक जीव त्याला लवकर सरावतो. बटाट्यावरील फायटॉफ्थोराच्या बाबतींत हें युरोपांत १९८० सालींच दिसून आलें. म्हणूनच तांबें व मेटॅलॅक्सिल यांचें मिश्रण पुष्कळदां वापरतात.

तबकडींत पाऊस पडत नाहीं. बागेंत तो फवारा धुऊन नेतो. कोंकणांत सुपारीच्या कोळेरोगावर मोरचूद व चुना यांचें बोर्डो मिश्रण फवारणाऱ्या बागाईतदाराला हें सांगावयास नको. तो रोगहि फायटॉफ्थोराचाच. प्रयोगशाळा निरुपयोगी औषधें वगळते. उरलेल्यांचा शेवटचा न्याय झाडाखालीं, भर पावसांतच होतो.