डबल स्टँड चढत नसेल तर आधी स्टँड तपासा

आज आपण जुन्या मोटारसायकलच्या डबल स्टँडविषयी बोलणार आहोत. काहीजणी म्हणतील, हे तर गॅरेजवाल्याचं काम, आमचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो पोटापाण्याचा आहे.

आम्ही नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतल्या बचत गटांबरोबर काम करतो. दूध गोळा करायला, आठवडी बाजाराला माल न्यायला बऱ्याच गटांनी जुनी गाडी घेतली आहे. काही ठिकाणी सासऱ्यांच्या वेळची, गोठ्यात पडून असलेली गाडीच चालू करून घेतली. बाया गाडी चालवायला शिकल्या, लायसन काढलं. पण एक वाक्य आम्हाला गटागटांत ऐकू येतं: "ताई, गाडी येते मला, पण डबल स्टँडवर चढत नाही. तेवढी ताकद कुठली आपल्यात?" मग दर वेळी दिराला, मुलाला, नाहीतर चौकात उभ्या असलेल्या कुणाला तरी हाक मारायची. कुणी नसलं तर भरलेली गाडी साईड स्टँडवर टेकवायची.

इथंच घात होतो. दुधाचा एक मोठा कॅन ४० लिटरचा. दूध पाण्यापेक्षा थोडं जड, म्हणजे एका कॅनमध्ये साधारण ४१ किलो दूध. दोन्ही बाजूंचे दोन कॅन धरले तर ८० किलोच्या वर, कॅनचं वजन वेगळं. साईड स्टँडवर गाडी डावीकडे कललेली असते. या भाराचा तोल एका बारीक पायावर येतो. पावसाळ्यात आपली काळी माती लोण्यासारखी होते, तो पाय आत शिरतो आणि गाडी आडवी. त्यात पाय सापडला तर हाड मोडतं. दूध सांडलं तर पाच-सहा घरांचा त्या दिवसाचा पैसा मातीत जातो.

म्हणून पहिली गोष्ट ध्यानात ठेवा. बाईच्या वजनानं डबल स्टँड चढत नसेल, तर आधी पद्धत बघायची, मग स्टँड तपासायचा. बाईच्या ताकदीला दोष देणं सगळ्यात शेवटी.

स्टँड काम कसा करतो

शेतात मोठा दगड हलवायचा असला तर आपण पहार घालतो. लांब टोकावर थोडा जोर दिला की दुसरं टोक मोठं वजन उचलतं. डबल स्टँड ही तशीच पहार आहे. इंजिनच्या मागे, खालच्या बाजूला चेसीला एका आडव्या बोल्टवर तो फिरतो. त्याला दोन पाय असतात आणि डाव्या बाजूला पाय ठेवायला एक दांडी असते, तिला आपण पायटा म्हणू. पायट्यावर उभं राहिलं की स्टँडचे दोन पाय जमिनीवर गोल फिरतात आणि गाडी मागे सरकत वर उचलली जाते. नीट बघा, स्टँडच्या पायांचे तळ सपाट नसतात, त्यांना बाक असतो. पाळण्याच्या बाकासारखा. त्या बाकावरच गाडी लोळत वर जाते.

गाडी वर बसली की स्टँडचे पाय बोल्टच्या थोडे पुढे गेलेले असतात आणि एका अडकणीला टेकतात. त्यामुळे गाडीचं वजनच स्टँडला जागेवर दाबून ठेवतं. गाडी पुढे ढकलली तरच ती खाली उतरते. म्हणून उतारावर गाडी लावायचीच असेल तर तिचं तोंड चढाकडे ठेवा. तोंड उताराकडे असलं तर गाडी आपणहून स्टँडवरून सुटू शकते.

स्प्रिंगचं काम वेगळं. स्टँड वर असला तर ती त्याला वर ओढून धरते, खाली असला तर खाली धरते. लाइटचं बटण जसं मध्ये थांबत नाही, इकडे नाहीतर तिकडे जातं, तसंच हे.

चढवायची पद्धत

गाडी कठीण, सपाट जागी घ्या. इंजिन बंद, गियर न्यूट्रल. कॅन अजून चढवू नका. रिकामी गाडी आधी स्टँडवर, मग भार. उतरवताना उलट, आधी भार खाली आणि मग गाडी. भरलेली गाडी स्टँडवरून उतरवायचीच झाली तर दोघी जणी लागा.

पदर, ओढणी खोचून घ्या. पायात बूट किंवा पट्ट्याची चप्पल असू द्या, साधी स्लिपर पायट्यावरून घसरते. गाडीच्या डाव्या बाजूला उभ्या राहा. डावा हात हँडलला, उजवा हात सीटजवळच्या दांडीला नाहीतर कॅरियरला. उजव्या पायानं पायटा खाली दाबा. आता गाडी हलकेच डावी-उजवी करा आणि स्टँडचे दोन्ही पाय जमिनीला टेकले का ते बघा. बऱ्याच जणी इथंच चुकतात. एकच पाय टेकलेला असताना जोर लावला की गाडी पिळते आणि अंगावर येते.

दोन्ही पाय टेकल्यावर पायरी चढतो तसं आपलं सगळं वजन पायट्यावर टाका. उजव्या हातानं गाडीला फक्त वर-मागे दिशा द्यायची. हातानं उचलायला जाऊ नका, कंबर धरेल. सुरुवातीला पलीकडून एकीला आधार द्यायला उभं करा.

जमीन मऊ असेल तर स्टँडखाली शहाबादी फरशीचा तुकडा किंवा जाड फळी ठेवा. दूध उचलायच्या ठिकाणी अशी एक फरशी कायमची पुरून टाकली तर पावसाळाभर त्रास नाही.

तरीही चढत नसेल तर

एवढं करूनही गाडी चढत नसेल तर ही ठिकाणं एकेक करून बघा.

एक, टायरची हवा. हवा कमी असली की गाडी खाली बसते आणि तिला जास्त उंच उचलावं लागतं. हे सगळ्यात सोपं, म्हणून आधी.

दोन, पायटा. तो वाकलेला, तुटून आखूड झालेला असेल तर पहारच आखूड झाली. मग जोर जास्त लागणारच.

तीन, बोल्ट आणि बुश. स्टँड हातानं आडवा हलवून बघा. खडखड वाजत असेल, एक पाय पुढे एक मागे राहत असेल तर बुश झिजला आहे. अशा स्टँडचे दोन्ही पाय एकदम टेकत नाहीत.

चार, पायांचे तळ. झिजून एक पाय आखूड झाला का ते मोजा. कधी कधी वेल्डिंगवाला झिजलेल्या तळाला चौकोनी लोखंडी तुकडा जोडून देतो. उंची भरून निघते, पण बाक जातो. मग गाडी लोळत नाही, अडते.

पाच, स्टँड दुसऱ्याच गाडीचा तर नाही? जुन्या गाड्यांत हे फार दिसतं. आपल्याकडच्या जुन्या गाड्या म्हणजे राजदूत, येझदी, बुलेट. राजदूत एस्कॉर्ट्स कंपनीनं १९६२ पासून बनवली. जावा-येझदीचा म्हैसूरचा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. बुलेट मद्रासला १९५५ पासून जोडली जाऊ लागली. नंतर १९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १०० आली. जुन्या गाडीचा सुटा भाग सहजी मिळाला नाही की मिस्त्री दुसऱ्या गाडीचा स्टँड कापून-जोडून बसवतो. तो उंच निघाला तर गाडी चढत नाही, ठेंगणा निघाला तर नीट उभी राहत नाही.

उलटंही होतं. गाडी फार सहज चढते, पण डुगडुगते. तेव्हा तळ दोन्हीकडून झिजलेले असतात किंवा अडकण झिजून स्टँड जास्तच पुढे जातो. सपाट जागी, रिकामी गाडी डबल स्टँडवर असताना मागचं चाक बोटभर तरी वर राहून मोकळं फिरलं पाहिजे. काही गाड्या पुढच्या बाजूला उचललेल्या राहतात, तिथं पुढचं चाक बघा. दोन्ही चाकं जमिनीला टेकत असतील तर स्टँड नावालाच आहे.

आणि सगळ्यात धोक्याची ती ढिली किंवा गंजलेली स्प्रिंग. चालत्या गाडीत ती तुटली तर स्टँड खाली लोंबतो, खड्ड्यात नाहीतर स्पीड ब्रेकरला अडकतो आणि गाडी उलटवतो. खालून लोखंड घासल्याचा आवाज आला तर तिथंच थांबा. स्टँड तारेनं वर बांधा आणि सावकाश गॅरेज गाठा.

दुरुस्ती आणि बसवणं

स्टँड काढायच्या आधी गाडीला दुसरा आधार हवा. चेसीखाली मजबूत लाकडी ओंडका द्या, पुढच्या-मागच्या चाकांना विटा लावा आणि वरून लिंबाच्या जाड फांदीला किंवा आढ्याला दोरानं बांधून घ्या. पेट्रोलचा कॉक बंद करा. निव्वळ साईड स्टँडवर टेकवून खाली हात घालू नका.

आधी स्प्रिंग काढायची, मग बोल्ट. स्प्रिंग सुटताना गोळीसारखी उडते. डोळ्यांना चष्मा लावा, स्प्रिंगवर जाड फडकं टाका, तोंड बाजूला ठेवा. बोल्ट गंजला असेल तर आदल्या रात्री तेल सोडून ठेवा.

काढलेला स्टँड रॉकेल किंवा डिझेलनं धुवा. बोल्टची भोकं गोल आहेत का अंड्यासारखी लांबट झालीत ते बघा. लांबट असतील तर नुसता नवा बोल्ट घालून उपयोग नाही. भोक वेल्डिंगनं भरून परत पाडावं लागतं किंवा लेथवाल्याकडून बुश करून घ्यावा लागतो. स्टँड सुटा करून दुकानात नेणंच चांगलं. गाडीवरच वेल्डिंग करायची वेळ आली तर पेट्रोलची टाकी काढून लांब ठेवायची आणि बॅटरीच्या वायरी सोडायच्या. यात हयगय नको. वेल्डिंगवाल्याला दोन गोष्टी बजावून सांगा: दोन्ही पाय सारख्या मापाचे झाले पाहिजेत आणि तळाला बाक राहिला पाहिजे. झिजलेला बोल्टच चेसीला वेल्ड करून टाकतो, असं कुणी म्हणालं तर नको म्हणा. पुढच्या वेळी तो निघणार नाही.

बसवताना बोल्टला आणि बुशला ग्रीस लावा. नट घट्ट हवा, पण स्टँड हातानं मोकळा फिरला पाहिजे. वर दुसरा नट किंवा पिन घाला, म्हणजे गाडीच्या हादऱ्यानं तो सुटणार नाही.

राहिली स्प्रिंग. दोघे-तिघे मिस्त्री पक्कड लावून ओढतात, तरी ती हुकापर्यंत पोचत नाही. त्याला एक सोपी युक्ती आहे. स्प्रिंग धनुष्यासारखी एका बाजूला वाकवा. बाहेरच्या बाजूला वेढ्यांमध्ये फट पडते, त्या फटींत पातळ वायसर किंवा नाणी सरकवा. मग दुसऱ्या बाजूला वाकवून तिकडच्या फटी भरा. असं करत स्प्रिंग लांब होते आणि ताणलेलीच राहते. स्टँड वर आणि खाली करून दोन्ही हुकांमधलं अंतर दोरीनं मोजा. जिथं ते कमी भरेल, तिथं स्टँड ठेवून स्प्रिंग अडकवा. मग स्टँड हळूहळू दुसरीकडे न्या. स्प्रिंग आणखी ताणली की नाणी सैल होतात, फडक्याआड काढून घ्या. ही युक्ती पाहिली की मिस्त्रीसुद्धा हसतो आणि पुढच्या गाडीला वापरतो.

शेवटी स्टँड दहा वेळा वर-खाली करा. वर असताना तो चेनला, टायरला, सायलेन्सरला घासत नाही ना, ते बघा. आठवड्यानं नट परत तपासा.

गटासाठी तीन कामं

पहिलं, जुनी गाडी घ्यायच्या आधी कागद बघा. खासगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे दर ५ वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. एमएच २४ लातूरचा आणि एमएच २६ नांदेडचा नंबर. गाडीवरचा नंबर, चेसी नंबर कागदाशी जुळतो का ते पडताळा. मग गाडी चालवणाऱ्या बाईलाच ती डबल स्टँडवर चढवून बघू द्या. विकणारा चढवून दाखवतो म्हणाला तरी ऐकू नका. गाडी वापरणार ती, तर परीक्षाही तिच्याच पायानं.

दुसरं, दुरुस्तीचा खर्च आधी विचारून गटाच्या वहीत लिहा आणि बदललेला जुना भाग परत मागून घ्या. भाग खरोखर बदलला हे त्यावरून कळतं.

तिसरं, महिन्याच्या बैठकीत पाच मिनिटं गाडीला द्या. हवा, नट, स्प्रिंग, ग्रीस. आणि गटातल्या प्रत्येकीनं एकदा तरी गाडी स्टँडवर चढवायची. ठेंगण्या-बारीक बाया या कामात मागे राहत नाहीत, हे आम्ही गावोगाव बघितलं आहे. पायटा ठीक असला, दोन्ही पाय टेकले, की पन्नास किलोची बाई शंभर-सव्वाशे किलोची गाडी चढवते.

दूध वेळेवर पोचलं तर त्याचा भाव मिळतो. उन्हाळ्यात अर्धा तास उशीर झाला तरी दूध नासायची भीती. ते कुणाच्या तरी हाकेला ओ देण्यावर अवलंबून राहू नये, एवढंच आमचं सांगणं. पुढच्या बैठकीला गाडी अंगणात घ्या, बुश हलवून बघा, आणि काय सापडलं ते आम्हाला जरूर कळवा.