बाहेरचे भांडवल आणि वैद्यांची फार्मसी : पूर्वतयारीचा विचार

हिंगोली जिल्हा हळदीसाठी प्रसिद्ध आहे. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही प्राप्त झाले. कच्चे द्रव्य दाराशी असताना हरिद्राखंडासारखी औषधे मोठ्या प्रमाणावर येथेच का निर्माण होऊ नयेत, असा विचार वैद्यबंधूंच्या मनात येणे स्वाभाविक आहे. मात्र भांडवल अपुरे पडते आणि बाहेरच्या गुंतवणूकदाराचा शोध सुरू होतो. त्याच्यापुढे जाण्यापूर्वी स्वतःच्या फार्मसीत काय आवरून ठेवावे, याचे विवेचन आम्ही येथे करीत आहोत.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की, गुंतवणूकदाराचे धन म्हणजे कर्ज नव्हे. कर्ज फेडले की संबंध संपतो. भागभांडवल देणारा मात्र मालकीत वाटेकरी होतो. समजा, फार्मसीचे मूल्य एक कोटी रुपये ठरले आणि त्यावर २५ लाख रुपये बाहेरून आले, तर एकूण मूल्य सव्वा कोटी होते व गुंतवणूकदाराचा हिस्सा २० टक्के होतो. म्हणून गरजेचे स्वरूप आधी तपासावे. हंगामात हळद रोखीने घ्यावी लागते आणि औषधांचे पैसे मागाहून येतात. ही तात्पुरती ओढ बँकेच्या कॅश क्रेडिटने भागवावी. तिच्यासाठी मालकी विकू नये. परीक्षण प्रयोगशाळा, नवी इमारत, नवी बाजारपेठ अशा दीर्घकाळ फळ देणाऱ्या कामांसाठीच भागभांडवलाचा विचार करावा.

आता आपल्यापाशी विकण्याजोगे काय आहे, हा प्रश्न येतो. आपला पाठ हेच आपले धन, अशी अनेकांची समजूत असते. परंतु शास्त्रोक्त पाठ कोणा एकाच्या मालकीचा नसतो. हळदीच्या व्रणरोपण गुणाबद्दल १९९५ साली मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला अमेरिकेत पेटंट मिळाले होते. आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने जुन्या ग्रंथांचे दाखले देऊन त्यास आव्हान दिले आणि १९९७ मध्ये ते रद्द झाले. भारतीय पेटंट कायद्याचे कलम ३ देखील पारंपरिक ज्ञानावर पेटंट देत नाही. भौगोलिक मानांकनसुद्धा प्रदेशाच्या उत्पादकांचे असते. एका फार्मसीची ती मत्ता नव्हे. मग मूल्य कशाला? निर्मितीचा परवाना, प्रत्येक बॅचची नोंद, कच्च्या द्रव्याचे परीक्षण अहवाल, नोंदणीकृत व्यापारचिन्ह आणि पुनःपुन्हा खरेदी करणारे ग्राहक, यांना. पाठ सर्वांचा असला तरी तो दरवेळी एकाच गुणवत्तेने सिद्ध होतो, हे दाखविणाऱ्या नोंदी मात्र आपल्याच असतात.

येथेच चिकित्सालय आणि फार्मसी यांची सरमिसळ अडचणीची ठरते. औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० अन्वये वैद्य स्वतःच्या रुग्णांसाठी औषध सिद्ध करीत असेल, तर त्यास निर्मिती परवान्याची आवश्यकता नसते. तेच औषध बाजारात विक्रीस ठेवावयाचे झाल्यास परवाना आणि अनुसूची ‘टी’मधील उत्तम निर्मिती पद्धतींचे पालन अनिवार्य आहे. दोन्ही विक्री एकाच वहीत असल्यास गुंतवणूकदाराला खरे उत्पन्न कळत नाही आणि कायदेशीर शंकाही उत्पन्न होतात. म्हणून तपासणी शुल्क व औषधविक्री यांची खाती वेगळी करावीत. किमान तीन वर्षांचे लेखापरीक्षित ताळेबंद आणि कर विवरणपत्रे सिद्ध ठेवावीत. जागा वडिलांच्या नावे व परवाना मुलाच्या नावे असेल, तर निदान नोंदणीकृत भाडेकरार असावा. एकल मालकीचे रूपांतर कंपनीत करताना परवाना आपोआप कंपनीकडे जाईल, असे गृहीत धरू नये. अन्न व औषध प्रशासनाकडे आधीच विचारणा करावी. पत्रके व वेष्टनांवरील दावेही चाळून पाहावेत. मधुमेह समूळ बरा करण्याची ग्वाही देणारी जाहिरात १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिराती अधिनियमाचा भंग करते, आणि असा एक कागदही बोलणी थांबवू शकतो.

सर्वांत नाजूक विषय नावाचा. पिढ्यान्‌पिढ्यांचे वैद्यघराण्याचे नाव व्यापारचिन्ह म्हणून कंपनीच्या स्वाधीन केले की, ते कंपनीची मत्ता होते. मुंबईतील वैद्यघराण्याच्या नावाने उभ्या राहिलेल्या ‘डॉ. वैद्यज’ची बहुसंख्य मालकी पुढे आरपी-संजीव गोयंका समूहाकडे गेली. यात गैर काही नाही. परंतु असा निर्णय समजून-उमजून व्हावा. नाव विकावयाचे की केवळ वापरण्याची अनुज्ञा द्यावयाची, आणि औषधाच्या गुणवत्तेविषयी अंतिम शब्द कोणाचा, हे करारात स्पष्ट लिहून घ्यावे.

शेवटी एक इशारा देणे आम्ही कर्तव्य समजतो. विश्वासाच्या बळावर रुग्णांकडून वा परिचितांकडून ठरावीक व्याजाने रकमा घेऊन चिठ्ठी देण्याची वाट सोपी दिसते. अनियमित ठेव योजनांवर बंदी घालणाऱ्या २०१९ च्या कायद्याने ती धोक्याची केली आहे. बँकेचे कर्ज, नातेवाइकांचे कर्ज आणि भागीदारांचे भांडवल यांना त्यात वेगळे स्थान आहे. महाराष्ट्रात ठेवीदारांच्या हितरक्षणाचा १९९९ चा कायदाही आहे. खासगी कंपनीलाही समभागांसाठी जाहीर आवाहन करता येत नाही. खासगी वाटपाचा प्रस्ताव एका वर्षात साधारणतः २०० व्यक्तींपर्यंतच देता येतो, रक्कम बँकेमार्फतच घ्यावी लागते आणि ६० दिवसांत समभाग द्यावे लागतात. हे काम सनदी लेखापाल व कंपनी सचिव यांच्या सल्ल्यानेच करावे.

वरील तयारी पूर्ण झाल्यावर कदाचित असेही आढळेल की, बाहेरच्या भांडवलाची निकड तूर्त नाहीच. तरीही श्रम वाया गेले असे मानू नये. ज्या फार्मसीचे कागद, खाती व नोंदी परक्या माणसापुढे निःशंकपणे ठेवता येतात, ती बँकेपुढे, निरीक्षकापुढे आणि मुख्य म्हणजे रुग्णापुढेही तितक्याच निःशंकपणे उभी राहते.