खेकडा शंख आतून बघतो

समजा, टेबलावर दोन शंख ठेवलेत. एक भुरकट, जरा झिजलेला, खराखुरा समुद्रातला. दुसरा निळाशार रंगवलेला, वर फुटबॉलचं चित्र काढलेला. तुम्ही कुठला उचलाल? रंगीत ना? आता हेच आपण हर्मिट क्रॅबला विचारू. शेवटी त्यात राहायचंय त्याला!

हर्मिट क्रॅब म्हणजे शंखात राहणारा खेकडा. पुढून बघाल तर नांग्या, पाय, सगळं खेकड्याचंच. पण मागचं पोट? ते मऊ मऊ, वर कठीण कवच नाही, आणि सरळही नाही. एका बाजूला पीळ घेतलेलं. असं पोट उघडं ठेवून हिंडलं तर पक्षी टोचणार आणि ऊन सुकवून टाकणार. म्हणून तो मेलेल्या समुद्री गोगलगाईचा रिकामा शंख शोधतो आणि उलट्या पावलांनी आत शिरतो. शंखाच्या मधोमध पिळाचा एक खांब असतो. पोटाच्या टोकाशी असलेल्या आकड्यांनी तो खांब धरला, की त्याला बाहेर ओढून काढणं महाकठीण. बहुतेक शंखांचा पीळ उजवीकडे वळतो, आणि या पठ्ठ्याच्या पोटाचाही!

जमिनीवर राहणाऱ्या जाती शंखात थोडं पाणीही बाळगतात. त्यांचे कल्ले ओलसर असले तरच त्यांना श्वास घेता येतो. धोका दिसला की अंग आत, आणि डावी मोठी नांगी दारासारखी तोंडावर गच्च.

म्हणजे बघा, शंखाचा रंग या सगळ्यात कुठेच आला नाही. खेकडा नांगी आत घालून चाचपतो: पोकळी केवढी आहे, वजन किती, कडा फुटलीय का, तोंड कसं आहे. कॅरिबियन बेटांवरच्या जातीला गोल तोंडाचे शंख आवडतात. प्रशांत महासागराच्या किनाऱ्यावरच्या तिच्या एका भाऊबंदाला मात्र अर्धवर्तुळासारख्या तोंडाचे लागतात.

अमेरिकेत हे कॅरिबियन खेकडे पाळायची खूप हौस आहे. दुकानांतून ते बहुतेकदा रंगवलेल्या शंखांसकट विकले जातात. मला हे मुळीच पटत नाही. हे खेकडे शंख कुरतडतात, रंगाचे पापुद्रे निघतात आणि ते पोटात जातात. काही ठिकाणी तर खेकड्याने आपला साधा शंख सोडावा म्हणून तो फोडतात. बिचारा मग समोर असेल त्या रंगीत शंखात घुसतो. त्याला आपण ‘त्याने निवडला’ म्हणायचं का?

मग साधा, नैसर्गिक शंख घ्यावा? खेकड्यासाठी तोच उत्तम, पण एक अडचण आहे. दुकानातल्या मोठ्या, चकचकीत शंखांपैकी कितीतरी जिवंत गोगलगाई पकडून मिळवलेले असतात. एकाला घर द्यायला दुसऱ्याचा जीव घ्यायचा!

म्हणून काही जणांनी शंखच बनवून पाहिले, कुणी काचेचे, कुणी प्लास्टिकचे. जपानी कलाकार आकी इनोमाता यांनी २००९ मध्ये काय केलं माहितीये? खऱ्या शंखाचं सीटी स्कॅन केलं, आतल्या पोकळीचा नेमका आकार मिळवला आणि थ्रीडी प्रिंटरवर पारदर्शक शंख छापले. वरच्या बाजूला चक्क शहरांच्या इमारती! काही खेकडे त्यात राहायला गेलेसुद्धा. इमारतींशी त्यांना देणंघेणं नव्हतं. आतला पीळ जमला होता.

समुद्रकिनाऱ्यावर मात्र कुणी असा विचार करून घर बनवून देत नाही. तिथे मिळतो कचरा. लोकांनी इंटरनेटवर टाकलेले फोटो शास्त्रज्ञांनी तपासले, तेव्हा कृत्रिम ‘शंख’ पाठीवर घेतलेले ३८६ खेकडे सापडले. २०२४ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झालं. बहुतेकांच्या पाठीवर होती प्लास्टिकची झाकणं. जमिनीवरच्या १६ जातींपैकी १० जाती असं करताना दिसल्या.

कचऱ्याचा याहून वाईट प्रकार हिंदी महासागरातल्या कोकोस बेटांवर दिसला. खेकडा पडलेल्या बाटलीत शिरतो, ती आतून गुळगुळीत असल्याने बाहेर येऊ शकत नाही आणि मरतो. मेलेल्या खेकड्याचा वास इतरांना सांगतो, ‘इथे शंख रिकामा झालाय!’ की ते धावत येतात आणि तेही अडकतात. एकाच डब्यात ५२६ खेकडे सापडले होते!

इतकी धावाधाव का? कारण खेकडा वाढतो, शंख वाढत नाही. सारखं मोठं घर शोधावं लागतं. बेलीझ देशातल्या एका बेटावर शास्त्रज्ञांनी याची गंमत नोंदवली आहे. एका खेकड्याला रिकामा शंख सापडतो, पण तो फार मोठा असतो. हा निघून जात नाही, शेजारी थांबतो. दुसरा येतो, तिसरा येतो, आणि मोठ्यापासून लहानापर्यंत चक्क रांग लागते! योग्य मापाचा खेकडा आला, की तो नव्या शंखात, त्याच्या मागचा त्याच्या जुन्या शंखात, त्याच्या मागचा... बघता बघता सगळ्यांची घरं बदलतात. एक शंख, आणि इतक्या जणांची सोय!

आता पाळायच्या खेकड्यांबद्दल माझं म्हणणं सांगतो. हे खेकडे नीट जगले तर तीस वर्षंही जगतात, पण काचेच्या पेटीत त्यातले फार थोडे टिकतात. दुकानातले जवळजवळ सगळे किनाऱ्यावरून पकडून आणलेले असतात. म्हणून नवा खेकडा विकत घेऊच नये. कुणाकडे आधीच असेल, तर पेटीत न रंगवलेले, वेगवेगळ्या मापांचे दोन-चार जास्तीचे शंख ठेवावेत आणि निवड त्याच्यावर सोडावी.

आपल्या कोकणातही हर्मिट क्रॅब आहेत. ओहोटीला खडकांमधल्या डबक्यापाशी शांत बसा, एखादा शंख चालू लागेल. त्याला हात लावू नका, नुसतं बघा. आणि वाळूतला रिकामा शंख कितीही सुंदर असला, तरी तिथेच राहू द्या. न्यायचंच असेल, तर प्लास्टिकची झाकणं आणि बाटल्या गोळा करून न्या.